सत्तेचाळीस नंबरचा ट्रम्पेट

१

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी जोतिबा ढमाले, म्हणजे गावाचे आबा, भैरवनाथाला पाणी घालून घरी आले. बँडच्या खोलीतलं कपाट उघडून त्यांनी पेटी टेबलावर घेतली आणि झाकण वर केलं. आतल्या निळ्या मखमलीत ट्रम्पेटच्या आकाराचा खळगा रिकामा होता. ट्रम्पेट नव्हता.

तालमीला आलेली पोरं दारातच थबकली. आबा ओरडले नाहीत. त्यांनी खळग्यावरून, कडेच्या कप्प्यांवरून एकदा हात फिरवला आणि खुर्चीवर बसले.

मुळशी धरणाच्या काठाला हा ट्रम्पेट ठाऊक नाही असा माणूस नव्हता. परदेशातल्या एका कारखान्यानं तसले शंभरच घडवले होते आणि प्रत्येकावर नंबर कोरला होता. आबांचा सत्तेचाळिसावा. त्यांचा एकुलता एक मुलगा निरंजन हिंजवडीला कंपनीत कामाला आणि महाळुंग्याला राहायला होता. त्यानं दोन वर्षांपूर्वी तो बापासाठी मुद्दाम मागवला. आबा तेव्हा आपला बँड शिष्य हृतिकच्या हवाली करून घरी बसायच्या बेतात होते. बायको गेल्यापासून त्यांचं कशात मन लागत नव्हतं, आणि आयुष्यभर वराती वाजवून ओठही दमले होते. पण हा ट्रम्पेट हातात आला आणि त्यांचं बसणं राहूनच गेलं. सकाळ-संध्याकाळ रियाज सुरू झाला. जाड पितळेचा तो ट्रम्पेट हलक्या फुंकरीला दाद देत नसे. छातीतला सगळा वारा रेटून दिला, गालाच्या शिरा टरारल्या, की मग असा सूर सुटायचा की पाण्यापलीकडच्या वाडीत गुरं माना वर करायची.

"आबा, सांगू का नको कळंना," गर्दीतून कैलास दळवी पुढे आला. धरणाकाठी त्याचं रिसॉर्ट होतं. "फटफटायच्या वेळी मी फिरायला निघालो हुतो. विश्राम तुमच्या खोलीमागनं जाताना दिसला. डोक्यावर गाठोडं हुतं."

विश्राम कोकरे माळावर राहायचा. शेरडं राखायचा, लावणीच्या दिवसांत मजुरी करायचा आणि बँडची खोली झाडायचा. जत्रेत पालखीपुढे ढोल वाजवायचा मान त्याच्या घराण्याचा होता. पण नाव निघालं तसं कुणालाच ते आठवलं नाही.

तोवर गावच्या पोलीस पाटील राजाबाई शेडगे येऊन पोचल्या होत्या. पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई. आबा त्यांना एवढंच म्हणाले, "पौडाला पोलिसांत फोन नको. गावातलं गावात बगा."

पोरं तर माळाकडं निघालीच होती. राजाबाईंना त्यांना अडवता आलं असतं. त्या म्हणाल्या, "जायाचंच आसंल तर माझ्यासमोर बगा." आणि स्वतः पुढं चालू लागल्या.

विश्रामच्या झोपडीत बघण्यासारखं होतं तरी काय. पोरांनी घोंगड्या झटकल्या, कणगीत कोपरापर्यंत हात घातले, भांडी अंगणात काढली. उतरंड ढकलली गेली आणि मडक्यातलं वर्षाचं तिखट मातीत सांडलं. विश्रामची बायको रंभाबाई कोकरू छातीशी धरून बघत राहिली. ट्रम्पेट सापडला नाही. गाठोडं सापडलं, त्यात शेरडांसाठी तोडलेला पाला होता.

"झालं का?" विश्रामनं विचारलं.

पोरं एकेक करून अंगणाबाहेर पडली.

"मग उद्या पालखीपुढं ढोलाला दुसरा गडी बगा," तो म्हणाला, आणि काठी उचलून शेरडांमागं गेला.

२

राजाबाई परत बँडच्या खोलीत आल्या. त्यांच्या पायताणाला तिखट लागलं होतं आणि चालताना त्यांना ते सारखं दिसत होतं. पोरांना वाटेला लावून त्यांनी दार लोटून घेतलं.

आबा तसेच बसून होते. शेजारणीनं आणलेला चहा त्यांच्या डाव्या हाताशी स्टुलावर निवून गेला होता, वर साय धरली होती.

"चहा घेतला न्हाई का, आबा?"

"कुणी दिला कुटं?" आबा म्हणाले. राजाबाईंनी स्टुलाकडं बोट केलं, तेव्हा त्यांनी मान पूर्ण वळवून पाहिलं. "आं, हितं हाय व्हय."

माणूस धक्क्यात आहे, राजाबाईंच्या मनात आलं. त्या पेटीकडं वळल्या. कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. कपाटाची किल्ली दारामागं खुंटीला असते हे बँडमधल्या पोरांना, कैलासला, विश्रामला, सगळ्यांनाच ठाऊक होतं. मखमलीत कडेला दोन लहान कप्पे होते. एकात ट्रम्पेटच्या खटक्यांना घालायच्या तेलाची बाटली, दुसऱ्यात तिच्याहून चिमुकली, पांढरी. राजाबाईंनी ती उचलली. बाटली कोरी होती, झाकणाचं सील शाबूत. कागदावर बारीक अक्षरं होती. त्यातला 'डोळ्यांत' एवढा शब्द त्यांनी वाचला, तोच आबांनी उठून बाटली त्यांच्या हातातून घेतली.

"तेलच हाय," ते म्हणाले आणि बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली. परत फिरताना त्यांचा खांदा कपाटाच्या उघड्या दाराला धडकला.

"निरंजनला कळवलंत?"

"कळवू की."

राजाबाईंनीच फोन लावला आणि आबांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. निरंजननं चोरीचं ऐकून घेतलं. कुणी नेला, कसा नेला, त्यानं विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "गेला तर गेला, आबा. जिवाला लावून घेऊ नका. या वर्षी वाजवू नका. पालखीबरोबर नुसते चाला."

"बरं," आबा म्हणाले.

एवढंच. जिवापाड जपलेली वस्तू गेलेल्या माणसाचं आणि त्याच्या मुलाचं एवढंच बोलणं झालं. राजाबाईंना ते खटकलं, पण नेमकं काय खटकलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

३

दुपारी त्या कैलासच्या रिसॉर्टवर गेल्या. कैलासनं खुर्ची दिली, सरबत मागवलं.

"गाठोड्यात पाला हुता," राजाबाई म्हणाल्या.

"मला लांबून काय दिसणार, काकी?"

"पाला गाठोड्याभाईर लोंबत हुता. शेरडाचं पोरगंबी वळखंल."

कैलासनं मान खाली घातली. मग हळूहळू बोलला. विश्रामची शेरडं रिसॉर्टच्या हिरवळीत शिरायची, पाहुणे तक्रार करायचे. विश्राम माळावरून हलला तर बरं, असं त्याच्या मनात कधीचं होतं. आणि दुसरंही होतं. ट्रम्पेट काचेत घालून हॉलमध्ये ठेवायला द्या म्हणून तो आबांच्या मागं लागला होता. आबा नाही म्हणाले. तरी यानं आबांचा फोटो छापून पाहुण्यांना कळवून टाकलं की रविवारी आबा इथं वाजवणार. विचारलं नव्हतं. आता ट्रम्पेटच गेल्यावर सगळे आपल्याकडंच बोट दाखवतील, या भीतीनं त्यानं आधीच बोट दुसरीकडं वळवलं.

"खोटं न्हाई बोललो मी," तो म्हणाला. "दिसला हुता ते खरं."

"खरंच बोललास," राजाबाई उठल्या. "त्येच तर वाईट झालं."

हृतिक देवळामागं पायरीवर सापडला. बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला, आबांच्या हाताखाली तयार झालेला. तो उरवड्याच्या कारखान्यात पाळ्या करून तालमीला यायचा. राजाबाई शेजारी बसायच्या आत तो म्हणाला, "मावशी, मी घेतला न्हाई. पण माझ्या हातनं पाप झालंय."

आठवड्यापूर्वी आबा बाजाराला गेले असताना त्यानं सत्तेचाळीस नंबरचा ट्रम्पेट काढून वाजवला होता. ठेवताना तो टेबलाच्या कडेला आपटला. तोंडाजवळ वाटाण्याएवढा पोचा पडला. आबांनी तो पाहिला असणारच, पण काही बोलले नाहीत.

"त्यांना दिसला नसंल," राजाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या. "पेटीत दोन बाटल्या असतात ना रे?"

"व्हय. दोन्ही तेलाच्याच म्हणतात आबा. पण ती बारकी मला कधी वापरू देत न्हाईत. तिचा कागदबी खरवडून टाकत्यात. सदा उघडीनागडी बाटली."

सकाळच्या बाटलीवर कागद होता.

"हृतिक, उद्या आबांनी तुझ्या ट्रम्पेटवर वाजवलं तर?"

"दुसऱ्याच्या बाजाला आबा तोंड लावत न्हाईत. जन्मात न्हाई लावलं. पण त्यांचा जुना हाय की. आयुष्य काढलं त्याच्यावर. दाराच्या वरच्या अंगाला खिळ्यावर असतो."

दोघं उठून बँडच्या खोलीत गेले. दाराच्या वर, धुरकट भिंतीवर, ट्रम्पेटच्या आकाराचा एक उजळ डाग होता. खिळा रिकामा होता.

४

राजाबाईंनी पिरंगुटपर्यंत एसटी आणि पुढं रिक्षा केली. महाळुंग्याला निरंजनच्या इमारतीखाली पोचल्या तेव्हा ऊन कलू लागलं होतं. नव्या इमारतींच्या मधोमध अजून एक शेत शिल्लक होतं, त्यात कुणी मेथी लावली होती.

निरंजननं दार उघडलं आणि त्यांना पाहून तो बाजूला झाला. का आलात, असं काही विचारलं नाही.

"कामावर न्हाई गेलास?"

"घरूनच करतोय, काकी."

राजाबाई सोफ्याच्या कडेला टेकल्या. "मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग. ज्याला ट्रम्पेट विकायचा, तो भारीतला न्हेईल, खिळ्यावरचा पोचे पडलेला कशाला न्हेईल? ज्याला वाजवायची हौस, त्यालाबी जुना नको. दोन्ही न्हेले, म्हंजी त्याला ट्रम्पेट नकोच हुता. आबांनी वाजवू न्हाई, एवढंच त्याला पायजे हुतं."

निरंजन उभाच होता.

"आन जाताना त्यानं पेटीत डोळ्याच्या औषधाची नवी बाटली ठिवली. आबा कागद खरवडून ठिवतात, कुणाला कळू नये म्हणून. हिच्यावर कागद तसाच, म्हंजी ती आबांनी ठिवलेली न्हाई. आबांना बाजूचं दिसंना झालंय. चहा दिसत न्हाई, कपाटाचं दार दिसत न्हाई. गावात आमाला कुणाला कळलं न्हाई, पण त्या चोराला ठावं हुतं. आन सकाळी फोनवर तू म्हणलास, नुसते चाला. दुसरं कुणीबी म्हणलं असतं, आबा, जुना काढा खिळ्यावरचा. खिळा रिकामा हाय हे तवा आमालासुदीक ठावं नव्हतं."

निरंजन आतल्या खोलीत गेला आणि दोन ट्रम्पेट घेऊन आला. दोन्ही लहान बाळासारखे मऊ चादरीत गुंडाळले होते. ते टेबलावर ठेवून तो समोर खाली जमिनीवरच बसला.

"आबांनी दवाखान्यात माझा नंबर दिला होता," तो म्हणाला. "स्वतःचा त्यांना पाठ नाही. तपासणीचा मेसेज माझ्याकडं आला. मी डॉक्टरांना जाऊन भेटलो. काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंय, ते परत यायचं नाही. जोरात फुंकलं की डोळ्यातला दाब वाढतो, त्यांच्या डोळ्यांना ते सोसणारं नाही, वाजवणं बंद करा, असं त्यांना सांगितलेलं आहे. म्हणजे त्यांना माहीत आहे, काकी. तरी रोज वाजवतात."

"मग बापाशी बोलायचं."

"काय बोलू? ते थांबणारच होते. सोडलंच होतं त्यांनी. मी आणून दिला तो." त्यानं ट्रम्पेटकडं पाहिलं नाही. "शंभरातला एक. केवढा मिरवलो मी. दर वेळी फोनवर विचारायचो, आबा, आज वाजवला का? रोज विचारायचो."

पहाटे आबा देवळात गेल्यावर तो गाडीनं येऊन दोन्ही ट्रम्पेट घेऊन गेला होता. बाहेरच्या कुणा चोराचं काम ठरेल, दोन दिवस गाव हळहळेल आणि मिटेल, असा त्याचा हिशोब होता.

"विश्रामच्या घराची झडती झाली, ते कधी कळलं तुला?"

"हृतिकनं कळवलं. सकाळीच." निरंजन म्हणाला. "मी मीटिंगमध्ये होतो. मेसेज वाचला आणि मीटिंग पुरी केली. नंतरही कितीदा फोन हातात घेतला. पण बोललो असतो तर आबांना कळलं असतं की मीच."

राजाबाईंनी चादरीची घडी नीट केली आणि ट्रम्पेट झाकले.

"तुझ्या बापाला झाकण उघडलं तवाच कळलंय," त्या म्हणाल्या. "चल."

५

अंगणात गाडी थांबली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. निरंजननं चादर त्यांच्या पुढ्यात ठेवली. आबांनी ती उलगडली नाही. खिशातून पांढरी बाटली काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

"हे तुझंच काम, ते बाटली बगितली तवाच कळलं," ते म्हणाले.

"आबा, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं हुतं. म्हणलं, पोरानं एवढ्या हौसेनं आणलाय, कपाटात ठिवला तर त्याला काय वाटंल." आबांनी चादरीवर हात ठेवला. "पण ते आपलं सांगायला. मलाच सोडवत न्हाई. त्याचा वरचा सूर लागला की मला वाटतं, डोळे गेले तर जाऊ देत."

राजाबाई ओट्याखाली उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन विश्राम, आबा? त्याचं नाव निघालं तवा तुमी तितंच बसला हुता."

"व्हय. तोंडात आलं हुतं, त्यानं न्हाई न्हेला म्हणून. पण मग कुणी न्हेला, ते सांगावं लागलं असतं. म्हणलं, झडती हुईल, काय घावणार न्हाई, मिटंल." आबांनी हातानं तोंड पुसलं. "माझ्या पोराची अब्रू ऱ्हावी म्हणून त्याची जाऊ दिली."

तिघं माळावर गेले तेव्हा दिवस अजून पुरता बुडाला नव्हता. रंभाबाई सुपात तिखट घेऊन त्यातले खडे निवडत होती. जेवढं मातीवरून उचलता आलं तेवढं तिनं उचललं होतं. विश्राम उठून उभा राहिला. निरंजननं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आबांनी त्यांचं सांगितलं. विश्राम शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "मला ठावं हुतं. पाला आणताना ह्याची गाडी बगितली मी. हातात दोन बाजे घिऊन निघाला हुता."

राजाबाई पुढं झाल्या. "मग सकाळी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई, बाई," विश्राम म्हणाला. "तुमी झडती घेतली."

रंभाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली, "ज्यांच्यादेखत घर इस्कटलं, त्यांच्यादेखत बोला. हितं बोलून काय उपयोग?"

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. आबा पायरीवर उभे राहिले. ट्रम्पेट माझ्याच घरातून, माझ्याच पोरानं नेला, मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, असं त्यांनी सांगितलं. का नेला, ते सांगू लागले तेव्हा निरंजननं त्यांना थांबवलं आणि ते स्वतः सांगितलं. झडती घेणारी पोरं एकमेकांच्या मागं सरकत होती. कैलास शेवटी पुढं येऊन विश्रामसमोर काहीतरी पुटपुटला. ते कुणाला ऐकू गेलं नाही. निरंजन रंभाबाईच्या पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले.

विश्रामच्या खांद्याला ढोल होता. "देवाचा मान हाय, तो वाजवीन," तो आबांना म्हणाला. "तुमच्या खोलीचा केर आता मी काढायचा न्हाई."

"बरुबर हाय," आबा म्हणाले.

पालखी निघाली. सत्तेचाळीस नंबरचा ट्रम्पेट आबांनी हृतिकच्या हातात दिला आणि स्वतः मोकळ्या हातांनी चालू लागले. हृतिकचा पहिला सूर चिरकला, दुसरा लागला. आबांचे ओठ नकळत आवळले गेले, मग त्यांनी ते सैल सोडले. निरंजन त्यांच्या डाव्या अंगाला होता. गर्दीतला माणूस अंगावर आला की तो त्यांचा दंड धरायचा.

राजाबाई पालखीबरोबर गेल्या नाहीत. बाजारपेठेत त्यांनी मिरच्या घेतल्या, कांडून आणल्या आणि तिखटाचा डबा डोक्यावर घेऊन एकट्या माळ चढल्या. रंभाबाई पालखीपुढून लवकर परतली होती आणि दारात शेरडांना पाला घालत होती. तिनं त्यांना या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. राजाबाईंनी डबा उंबऱ्याशी ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. खालून ढोलाचा आवाज येत होता.

"रंभाबाई, मी त्यांना वाटंतच अडवायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "अडवता आलं असतं मला."

रंभाबाईनं शेवटचा पाला टाकला, हात झटकले.

"तहान लागलीया," राजाबाई म्हणाल्या. "पाणी देतीस का?"

रंभाबाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि तांब्या भरून आणला. तिनं तो हातात दिला नाही, खाली जमिनीवर ठेवला. राजाबाई वाकल्या, तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायल्या.